‘विश यू वेअर हिअर’ची श्रवणवही : सात बैठकांनंतर

मंडळी, मागच्या नोंदीत मी ठामपणे लिहिलं होतं की पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा हा अल्बम म्हणजे त्यांच्या जुन्या साथीदाराला, सिड बॅरेटला, लिहिलेलं पत्र आहे, बाकी सगळे अर्थ त्याच्यामागून आलेले. त्यानंतर आमच्या चार बैठका झाल्या. आता ते वाक्य तसंच्या तसं ठेवायला मन धजत नाही. का, ते सविस्तर लिहिते.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी एवढंच, की आम्ही पाच जण दर पंधरा दिवसांनी भेटतो आणि एका बैठकीत एलपीची एकच बाजू ऐकतो. तबकडी फिरत असताना कुणी बोलायचं नाही. नंतर प्रत्येकानं आधी कानाला काय ऐकू आलं ते सांगायचं, आणि सगळ्यांचं सांगून झालं की मगच मनाला काय वाटलं त्याकडे वळायचं. हा दुसरा नियम आम्ही तिसऱ्या बैठकीपासून पाळतोय. त्याआधीच्या दोन बैठका ‘हे सिडबद्दल आहे’ आणि ‘हे रेकॉर्ड कंपन्यांबद्दल आहे’ या वादात गेल्या, आणि दोन्ही बाजूंना एकही नवा आवाज ऐकू आला नाही.

पार्श्वभूमी बहुतेकांना माहीत असेल, म्हणून पटकन सांगते. सिड हा बँडचा पहिला म्होरक्या, गायक, गिटारवादक आणि सुरुवातीच्या बहुतेक गाण्यांचा कर्ता. मन ढासळत गेलं आणि १९६८ मध्ये तो बँडबाहेर पडला. त्याच्या जागी डेव्हिड गिल्मर उभा राहिला. मार्च १९७३ मध्ये ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आला आणि चौघांना कल्पनेपलीकडचं यश मिळालं. त्या यशानंतर आता करायचं काय, हा प्रश्न घेऊन ते १९७५ च्या जानेवारीत लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत शिरले. जुलैपर्यंत काम चाललं आणि सप्टेंबरमध्ये अल्बम आला. रचना फक्त पाच. त्यातली पहिली आणि शेवटची म्हणजे ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ या एकाच लांबलचक रचनेचे दोन तुकडे. मधली तीन गाणी त्या दोन तुकड्यांच्या कवेत बसवलेली.

एक गोष्ट इथंच नीट करून ठेवू, कारण आमच्याही गटात ती चुकीची रुजली होती. जून १९७५ मध्ये, मिक्सिंग चालू असताना, सिड अचानक स्टुडिओत येऊन उभा राहिला. वजन वाढलेलं, डोकं आणि भुवया भादरलेल्या. ज्यांच्याबरोबर त्यानं बँड उभा केला त्यांनीच त्याला बराच वेळ ओळखलं नाही. हा प्रसंग इतका विलक्षण आहे की त्यातूनच गाणं सुचलं असं अनेक जण धरून चालतात. तसं नाही. ‘शाइन ऑन’ त्याआधी वर्षभर, १९७४ च्या उन्हाळ्यात, फ्रान्सच्या दौऱ्यात लोकांसमोर वाजवलेलं होतं. म्हणजे गाणं आधी तयार होतं आणि ज्याच्यावर ते होतं तो माणूस नंतर दारात आला. मला तर या क्रमानं जास्तच कालवतं. ज्याची आठवण काढत तुम्ही वर्षभर सूर लावताय, तो खोलीत आहे आणि तुम्हाला कळत नाही.

तिसरी बैठक : चार स्वर

ही बैठक पूर्ण त्या चार स्वरांत गेली. चार मिनिटं होत आली की सगळे सिंथसायझर मागे सरतात आणि गिटारवर एकट्यानं चार स्वर येतात. बी फ्लॅट, एफ, जी, ई. गिल्मरला ते वाजवता वाजवता सापडले आणि पुढची सगळी रचना त्यांच्यातून वाढली. चाहते त्यांना सिडची धून म्हणतात.

गिटार असणाऱ्यांनी जरूर करून बघा. तिसऱ्या तारेवर तिसरा फ्रेट, दुसऱ्या तारेवर सहावा, मग तिसरी तार मोकळी, मग दुसऱ्या तारेवर पाचवा. बोटं फार हलत नाहीत. अवघड आहे ते प्रत्येक स्वराला पुरेसं वाजू देणं. पहिले तीन आठवडे मी घाई करत होते. पुढचा स्वर माहीत असला की हात त्याच्याकडे धावतो, आणि ही धून मुळी धावणाऱ्यासाठी नाहीच. मेट्रोनोम बंद करून, आधीचा स्वर खाली बसतोय असं वाटलं की मगच पुढचा घ्यायचा, असं करायला लागल्यावर ती जरा जवळ आली.

पण खरा शोध लावला तो आमच्यातल्या ताईंनी. त्या शास्त्रीय गाणं शिकलेल्या आहेत, रॉकशी त्यांची ओळख या बैठकांतलीच. मी ती धून वाजवत होते, त्यांनी जी हा षड्ज धरला आणि हळूच म्हटलं, “ग, नि, सा, ध.” मग थांबल्या. “परत वाजव गं.” मी वाजवलं. “गंधार कोमल, निषाद कोमल. पण धैवत शुद्ध आहे. हा कुठून आला?”

आम्ही सगळे गप्प. तोवर ‘शेवटच्या स्वराला काहीतरी होतं’ एवढंच आमच्यापैकी प्रत्येक जण वेगवेगळ्या शब्दांत सांगत होता. कुणी त्याला प्रश्नचिन्ह म्हणालं, कुणी उघडं राहिलेलं दार. ताईंनी त्याचं नाव सांगितलं. चार मिनिटं खाली जी मायनरची गादी अंथरलेली असते. तिच्या वळणानं कान आसावरीसारखा कोमल धैवत धरून बसतो, आणि गिटार ऐन वेळी काफीतला शुद्ध धैवत लावते. बरं, त्याच्या आधी षड्ज येऊन गेलेला असतो. घरी पोचलात असं वाटतं न वाटतं तोच पाऊल परत बाहेर. आणि वर दिलेल्या जागांवर वाजवलंत तर तार ऐकत राहा. पहिले दोन स्वर नंतरच्यांनी पुसले जातात. शेवटी षड्ज आणि धैवत हे दोनच हवेत लोंबकळत राहतात.

चौथी बैठक : पेले

अल्बमची सुरुवात कशी होते हे सांगणं कठीण आहे, कारण ती कधी होते तेच कळत नाही. त्या तरंगणाऱ्या सुरांत काचेच्या पेल्यांचे आवाज मिसळलेले आहेत. ‘डार्क साइड’नंतर बँडनं वाद्यं बाजूला ठेवून फक्त घरगुती वस्तूंतून, रबरबँड, पेले वगैरेंतून, संगीत रचायचा घाट घातला होता. तो प्रकल्प सोडून द्यावा लागला. पेल्यांचे सूर तेवढे उरले आणि इथं कामी आले.

म्हणून आम्ही पेले घेऊन बसलो. दोन पातळ काचेचे, दांड्याचे. ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी हातचं राखून न ठेवता सांगते. काठ साबणानं धुऊन लख्ख करा, तेलकटपणाचा अंश राहिला तरी काच बोलत नाही. बोट ओलं ठेवा. दाब अगदी हलका, वेग एकसारखा. पाणी वाढवलं की सूर उतरतो, कमी केलं की चढतो. एका पेल्यात जी आणि दुसऱ्यात डी, म्हणजे सा आणि प, लावायला आम्हाला ट्यूनर समोर ठेवून तासभर लागला. शेवटी शेवटी ड्रॉपरनं थेंब थेंब पाणी घालत होतो.

आणि मग दोन्ही पेले एकदम बोलले. त्या सुराला आघात नसतो. तार छेडली की छेडल्याचा क्षण असतो, कातड्यावर थाप पडली की थापेचा. इथं बोट आधीपासून फिरत असतं, काच आधीपासून थरथरत असते, आणि आपल्या लक्षात येतं तेव्हा सूर कधीचाच खोलीत असतो. बोटाजवळच्या पाण्यावर बारीक बारीक लहरी उठतात, केसाएवढ्या. बोट उचललं तरी क्षणभर सूर रेंगाळतो. आमच्यातला ड्रम वाजवणारा, जो कधी फार बोलत नाही, तो तेव्हा म्हणाला, “कुणीतरी आधीपासून इथं होतं असं वाटतं.” वहीत मी हे वाक्य जसंच्या तसं उतरवून ठेवलंय.

लहरींवरून आठवलं. अल्बमच्या आतल्या चित्रांत अमेरिकेतल्या मोनो लेक या तळ्यात डोकं खाली करून शिरलेला एक माणूस आहे, पाय वर, आणि पाण्यावर एकही लहर नाही. मुखपृष्ठावर हात मिळवणारे दोन सुटातले पुरुष, त्यातला एक पेटलेला. ती आग खरी होती. हिप्नॉसिस या मुखपृष्ठं करणाऱ्या कंपनीच्या मंडळींनी स्टंटमनला खरंच पेटवून फोटो काढला आणि वारा उलटा फिरल्यामुळे त्याच्या मिशा जळल्या. एवढा खटाटोप केलेलं चित्र मग गडद प्लॅस्टिकच्या वेष्टनात झाकून टाकलं, बाहेर फक्त दोन यांत्रिक हातांचं स्टिकर. दुकानात हा अल्बम हातात घेतला तरी मुखपृष्ठ दिसत नव्हतं. नसण्यावरचा अल्बम, आणि त्याचं मुखपृष्ठही नाहीसं केलेलं. हे सगळ्यांना पटलं, त्यावर जास्त वेळ घालवला नाही.

पाचवी बैठक : दुसरी बाजू

‘वेलकम टू द मशीन’ पहिल्या बाजूवर आहे, पण ते याच बैठकीत समजलं. तिथं सततचा ड्रमचा ठेका नाही. धडधड आहे ती सिंथसायझरची, एकसारखी, श्वास न घेणारी. माणसाच्या हातातून ठेका काढून यंत्राला दिलेला. मग तबकडी उलटली की ‘हॅव अ सिगार’ येतं. कंपनीचा साहेब बँडला खांद्यावर हात टाकून स्वप्नं विकतोय आणि त्याला यातला पिंक नक्की कोण तेही माहीत नाही. गंमत अशी की हे गाणं बँडमधल्या कुणी गायलेलंच नाही. बँडचा बासवादक आणि गायक रॉजर वॉटर्स याचा गळा बसला होता, गिल्मरला गायचं नव्हतं. रॉय हार्पर हा गायक त्याच वेळी अ‍ॅबी रोडमध्ये आपलं काम करत होता, त्यानं गायलं. कारण साधं आणि व्यवहारी. तरी ऐकणाऱ्याच्या हातात काय पडतं ते बघा. पहिल्या बाजूला ठेका नाहीसा झाला, दुसऱ्या बाजूला स्वतःचा गळा नाहीसा झाला. मी याला योजना म्हणणार नाही. पण परिणाम तोच.

आणि मग ती जागा, जिच्यामुळे माझं मत फिरलं.

‘सिगार’ संपतं ते तुटून. भरगच्च वाजणारा बँड एका क्षणात आक्रसतो, जणू कुणी सगळा स्टुडिओ एका छोट्या रेडिओत कोंबला. मग खरखर, कुणीतरी स्टेशन बदलतंय. बोलण्याचे तुकडे, चायकोव्स्कीच्या चौथ्या सिंफनीची एक झलक. हे आवाज गिल्मरच्या गाडीतल्या रेडिओवरून घेतलेले. मग एका स्टेशनवर शीर्षकगीताची, म्हणजे ‘विश यू वेअर हिअर’ची, बारा तारांची गिटार लागते, पातळ, लांबची, भिंतीपलीकडची. ती वाजत राहते. आणि हेडफोन लावून नीट ऐकलंत तर पाऊण मिनिटाच्या आसपास अगदी जवळ, तुमच्या कानाशी, एक माणूस खोकतो. नाक ओढतो. नंतर दुसरी गिटार सुरू होते. ही जवळची आहे, लाकडाचा वास यावा इतकी. रेडिओवर लागलेल्या गाण्याबरोबर कुणीतरी खोलीत बसून वाजवतंय, अशीच ती रचना मुद्दाम केलेली आहे.

मी हा भाग त्या रात्री अकरा वेळा ऐकला. लांबची गिटार म्हणजे सिड आणि खोलीतली म्हणजे मागे राहिलेला मित्र, असं मी आजवर धरलं होतं. पण लांबची गिटार कुठून येतेय? नुकताच जो बँड रेडिओत कोंबला गेला तिथूनच. म्हणजे रेडिओत अडकलेले ते स्वतः आहेत. खोकणारा, नाक ओढणारा, जिवंत माणूस यशस्वी बँडमध्ये नाही. तो एका खोलीत एकटा बसून त्या बँडला लांबून ऐकतोय आणि साथ करायचा प्रयत्न करतोय.

मग शब्द पुन्हा वाचले. गाणं विचारतं की युद्धातली छोटीशी भूमिका देऊन तू पिंजऱ्यातली मुख्य भूमिका घेतलीस का. हा प्रश्न सिडला कसा लागू पडेल? सिड तर मंच सोडून निघून गेला. पिंजरा मिळाला आणि त्यात मुख्य भूमिकाही मिळाली ती मागे राहिलेल्या चौघांना. पुढे माशांच्या भांड्यात वर्षानुवर्षं घिरट्या घालणाऱ्या जिवांची प्रतिमा येते, त्यातही जीव दोन आहेत आणि भांडं एकच. हरवलेला आणि शोधणारा, दोघं त्याच पाण्यात.

सहावी बैठक : मराठीत सांगायचं तर

सहाव्या बैठकीला मी सुचवलं की शीर्षकाचं मराठी करून बघू. पोस्टकार्डावर लिहायचं हे अगदी घासलेलं वाक्य, आणि अल्बमबरोबर एक पोस्टकार्ड दिलेलंही होतं. ‘तू इथं असतास तर’ हे सगळ्यांनी लगेच लिहिलं. ‘तू इथं असायला हवा होतास’ हे दुसरं. पहिल्यात ओढ आहे, दुसऱ्यात थोडी तक्रार. इंग्रजीत ही तक्रार दिसतच नव्हती, मराठीत आणल्यावर दिसली.

आमच्यातला सगळ्यात धाकटा, जो बास वाजवतो आणि ज्याचं पहिल्यापासून ‘हे सिडबद्दल आहे, विषय संपला’ असं मत, तो कागदाकडे बघत म्हणाला, “ताई, मराठीत क्रियापद माणूस दाखवतं. ‘असतास’ म्हटलं की समोरचा पक्का होतो. इंग्रजीत तो कुणीही असू शकतो.” आणि त्यानं खाली तिसरी ओळ लिहिली, “मी इथं असतो तर.”

ही ओळ माझी नाही, त्याची आहे, आणि इतक्या बैठकांत आमच्या वहीत आलेली ती सगळ्यात मोलाची ओळ आहे असं मला वाटतं. ‘डार्क साइड’नंतरचे ते महिने कसे गेले हे बँडमधल्यांनी अनेकदा सांगितलंय. स्टुडिओत शरीरानं हजर, मन दुसरीकडे. अशा खोलीत बसून वॉटर्सनं ‘नसणं’ हा विषय पकडला आणि मधली गाणी त्याभोवती बांधली. त्या दिवशी सिड येऊन उभा राहिला तेव्हा त्या खोलीत गैरहजर असलेला तो एकटाच होता का?

सगळ्यांना हे पटलं नाही. ताईंचं म्हणणं, ‘शाइन ऑन’मधलं दुःख एका विशिष्ट माणसासाठीचंच आहे, ते कुणावरही पसरवून पातळ करू नका. मला त्यांचं म्हणणं मान्य आहे. दुसऱ्या तुकड्यात गाणं म्हणतं की तू कुठं आहेस ते कुणालाच ठाऊक नाही, जवळ की दूर. तिथं समोर सिडच आहे. शीर्षकगीतात मात्र समोर आरसा आहे, असं आता मी धरून चालते. एकाच अल्बममध्ये ‘तू’ बदलतो.

सातवी बैठक : शेवटचं मिनिट

शीर्षकगीताच्या अखेरीस वारा सुटतो आणि त्या वाऱ्यातून ‘शाइन ऑन’चा दुसरा तुकडा येतो. नंतरच्या आवृत्त्या असणाऱ्यांनी २०११ च्या पुनर्प्रकाशनातलं स्टेफान ग्रापेलीचं व्हायोलिन असलेलं रूप जरूर ऐकावं. त्या थोर वादकाचं वादन १९७५ मध्ये ध्वनिमुद्रित झालं आणि मूळ अल्बममध्ये वाऱ्याखाली जवळपास गाडलं गेलं. मला मूळच आवडतं. व्हायोलिन पुढे आलं की खोलीत तिसरा माणूस येतो.

आम्ही मात्र ‘शाइन ऑन’चा नववा, म्हणजे शेवटचा, भाग घेऊन बसलो होतो. हा बँडचा कीबोर्डवादक रिक राइट याचा. शब्द संपलेले, गिटार मागे गेलेली, फक्त कीबोर्ड, मिरवणूक पुढे निघून गेल्यावरच्या रस्त्यासारखे. अगदी शेवटी, सगळं विरत असताना, मिनीमूग या सिंथसायझरवर एक छोटी सुरावट येऊन जाते. ती ‘सी एमिली प्ले’ची आहे, सिडनं लिहिलेल्या १९६७ च्या गाण्याची. पहिल्या वेळी पाचांपैकी एकालाही ती सापडली नाही. मूळ गाणं दोनदा ऐकलं, ओळ गुणगुणून घेतली, मग आवाज वाढवून शेवटचा भाग पुन्हा लावला. धाकट्यानं हात वर केला. मग ड्रमवाल्यानं. मला तिसऱ्या खेपेला ऐकू आली, आणि एकदा ऐकू आल्यावर ती कधी ऐकू येत नव्हती हेच खरं वाटेना.

ताई डोळे मिटून बसल्या होत्या. तबकडी संपली, सुई शेवटच्या खाचेत फिरत राहिली. त्या म्हणाल्या, “शेवटचा गंधार ऐकलास का?” मी गिटार घेतली. शेवट जी मेजरवर आहे. चार स्वरांच्या धुनीत पहिलाच स्वर होता तो कोमल गंधार. पंचवीस मिनिटांहून मोठ्या त्या रचनेच्या टोकाला तोच गंधार शुद्ध होतो, आणि तेही आवाज जवळजवळ ऐकू येईनासा झाल्यावर. ताईंनी दोन्ही गंधार एकामागून एक म्हणून दाखवले, आधी कोमल, मग शुद्ध, आणि शुद्धवर बराच वेळ थांबल्या.

पुढच्या बैठकीसाठी मी नववा भाग कीबोर्डवर बसवतेय. डावा हात झालाय. एमिलीची ओळ उजव्या हातात येते, पण ती किती हळू वाजवायची ते अजून सापडायचंय. पेले ताईंकडे आहेत, पाण्याच्या खुणांसकट.